दहा सेकंदांची चिप आणि हॅमचा रिग

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ ही हौशी रेडिओवाल्यांची जागतिक स्पर्धा असते. ती आपल्या घड्याळात शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. या ४८ तासांत जगभरचे हॅम माइकसमोर बसून एकच वाक्य बोलत असतात: सीक्यू कॉन्टेस्ट, मग स्वतःचा कॉलसाइन, मग पुन्हा सीक्यू. ‘कुणी ऐकत असाल तर उत्तर द्या’ एवढाच त्या हाकेचा अर्थ. उत्तर आलं तर देवाणघेवाण काही सेकंदांत उरकते आणि परत तीच हाक सुरू होते. शनिवारी संध्याकाळपर्यंत घसा बसतो आणि रविवार अजून बाकी असतो.

यावर जुन्या मंडळींनी टेपचा तुकडा दोन्ही टोकांना जोडून त्याचा वेढा केला होता. तो टेपरेकॉर्डरवर फिरत राहायचा आणि तोच आवाज रेडिओच्या माइकच्या तारेत सोडला जायचा. आजच्या बऱ्याच रिगमध्ये, म्हणजे रेडिओ संचांत, ही सोय आतच असते. २०१६ साली आलेल्या आयकॉमच्या आयसी-७३०० मध्ये तर स्वतःची हाक साठवता येते आणि समोरून आलेलं बोलणंही मेमरी कार्डावर उतरवता येतं. पण ज्यांच्याकडे जुना रिग आहे आणि तो उत्तम चालतो आहे, त्यांनी एवढ्यासाठी तो बदलण्याचं काही कारण नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळणाऱ्या सुट्या भागांतून हाक साठवून बोलणारी पेटी घरी होते.

एक गोष्ट आधीच सांगतो. आवाज साठवणारी चिप हा या कामातला सोपा भाग आहे. मॉड्यूल विकत आणलं, पाच व्होल्ट दिले, बटण दाबून बोललं, दुसरं बटण दाबलं की ते बोलू लागतं. कष्ट पडतात ते त्या मॉड्यूलची रेडिओशी गाठ घालून देताना. म्हणून या लेखात चिप थोडक्यात आणि जोडणी सविस्तर आहे.

घरगुती कामासाठी सर्रास मिळणारी चिप म्हणजे आयएसडी १८२०. आयएसडी ही मूळची कॅलिफोर्नियातली ‘इन्फर्मेशन स्टोरेज डिव्हाइसेस’ नावाची कंपनी. १९९८ मध्ये ती विनबॉन्डने घेतली आणि पुढे हा सगळा कारभार नुवोटॉनकडे गेला. या घराण्यातल्या चिपांची करामत अशी की त्या आवाजाचे आकडे करत नाहीत. संगणक आवाज साठवताना प्रत्येक क्षणाचा व्होल्टेज मोजतो, त्याचा आकडा करतो आणि तो आकडा शून्य-एकच्या आठ किंवा सोळा घरांत लिहितो. आयएसडीमध्ये एका क्षणाच्या व्होल्टेजला एकच घर असतं. त्या घरात चारही बाजूंनी काचेने बंद केलेला एक सूक्ष्म इलेक्ट्रोड असतो आणि त्यावर मोजून विद्युतभार ठेवला जातो. हारीने मांडलेल्या वाट्यांपैकी प्रत्येकीत वेगवेगळ्या उंचीचं पाणी असावं, तसं. वाचताना ती उंची जशीच्या तशी व्होल्टेज म्हणून बाहेर येते. भार काचेत कोंडलेला असल्यामुळे वीज बंद केली तरी आवाज पुसला जात नाही. रात्री ध्वनिमुद्रण करून पेटी कपाटात ठेवली तरी पुढच्या ऑक्टोबरात ती तेच बोलते.

या चिपची घरं मात्र ठरावीक आहेत, सुमारे चौसष्ट हजार. ती किती वेगाने भरायची हे एका रेझिस्टरवर ठरतं. तो ८० किलोओहमचा लावला तर चिप सेकंदाला ८००० नमुने घेते आणि ८ सेकंद बोलता येतं. १०० किलोओहम लावला तर ६४०० नमुने आणि १० सेकंद. २०० किलोओहम लावला तर ३२०० नमुने आणि २० सेकंद. कोणत्याही जोडीचा गुणाकार करून बघा, उत्तर ६४ हजारच येतं.

वीस सेकंदांचा मोह पडतो आणि तिथेच बरेच जण फसतात. नमुने सेकंदाला जितके घ्याल त्याच्या निम्म्याहून कमी कंपनसंख्येचाच आवाज पकडता येतो, हा नमुना घेण्याचा मूळ नियम आहे. चिपमधली गाळणी त्याहूनही थोडं आधीच कापते. २० सेकंदांच्या मांडणीत १३०० हर्ट्झच्या वरचं काहीच उरत नाही. माणूस बोलतो आहे हे कळतं, पण ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरक ऐकू येत नाही, आणि कॉलसाइन तर अक्षरा-अक्षरावरच उभा असतो. १० सेकंदांच्या मांडणीत आवाज २६०० हर्ट्झपर्यंत जातो. एसएसबी (सिंगल साइडबँड) रिगचा फिल्टर साधारण २४०० ते २७०० हर्ट्झ रुंदीचाच असतो. म्हणजे चिपने यापेक्षा जास्त दिलं तरी रेडिओ ते हवेत जाऊ देणार नाही, आणि कमी दिलं तर नुकसान. त्यामुळे १०० किलोओहम हाच या कामाचा रेझिस्टर. स्पर्धेतली हाक पाच-सहा सेकंदांची असते, दहा सेकंद तिला पुरून उरतात. मॉड्यूलवर दुसरा लावलेला असेल तर तो काढून हा लावा.

ध्वनिमुद्रण करताना डोक्यावरचा पंखा बंद ठेवायचा. हा सल्ला क्षुल्लक वाटेल, पण चिपमध्ये आपोआप आवाज सांभाळणारा वर्धक असतो. तुम्ही मोठ्याने बोललात की तो हात आखडता घेतो आणि गप्प बसलात की वाढवत नेतो. दोन शब्दांमध्ये श्वास घेताना तो पंख्याची घरघर उचलतो, आणि तीच घरघर पुढे ४८ तास जगाला ऐकू जाते. माइकपासून वीतभर अंतर ठेवून नेहमीच्या सुरात, थोडं सावकाश बोलावं. बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून मग बोलायला सुरुवात करा. याचं कारण पुढे येईल. आणि जागा संपायची वाट न बघता वाक्य संपलं की बटण स्वतः सोडा. त्या क्षणी चिप तिथे ‘संदेश संपला’ अशी खूण करून ठेवते आणि ती खूण आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

आता गाठ घालण्याकडे वळू. रिगच्या पुढच्या बाजूला माइकचं गोल, आठ पायांचं सॉकेट असतं. आयकॉमच्या अशा सॉकेटात पहिला पाय माइकचा, पाचवा पीटीटीचा, सहावा पीटीटीच्या जमिनीचा (ग्राउंडचा) आणि सातवा माइकच्या जमिनीचा असतो. केनवुड आणि यासू यांची मांडणी वेगळी. सॉकेट तंतोतंत सारखं दिसतं, म्हणून रिगचं पुस्तक उघडून पाय मोजल्याशिवाय काहीही लावू नये. पीटीटी म्हणजे बोलताना दाबायचं बटण. ते करतं एवढंच की पीटीटीचा पाय जमिनीला टेकवतं. टेकवला की रेडिओ प्रक्षेपण करतो, सोडला की ऐकतो.

पहिली अडचण आवाजाच्या पातळीची. आयएसडी १८२० ची बाहेर येणारी बाजू छोटा स्पीकर वाजवण्यासाठी केलेली आहे, तिथे व्होल्टच्या घरातला आवाज असतो. रिगच्या माइकला हवे असतात काही मिलिव्होल्ट. सरळ जोडलं तर पलीकडच्याला फाटक्या कर्ण्यातून आल्यासारखं ऐकू येईल आणि तुमचा सिग्नल शेजारच्या कंपनसंख्यांवर सांडेल. म्हणून १० किलोओहम आणि १०० ओहम अशा दोन रेझिस्टरांची जोडी करून आवाज शंभरावा भाग करायचा. त्याच्या आधी एक किलोओहमचा प्रीसेट ठेवायचा, म्हणजे पेचकसाने बारीक जुळवणी करता येते.

दुसरी अडचण जमिनीची. पेटीला वीज कुठून द्यायची? रिगच्या माइक सॉकेटात व्होल्टेज असतो, पण त्यातून काही मिलिअँपिअरपेक्षा जास्त ओढणं बरं नव्हे. त्यामुळे सरळ रिगच्या १३.८ व्होल्टच्या पुरवठ्यातून ७८०५ लावून पाच व्होल्ट घेतलेले चांगले. पण मग पेटीची जमीन पुरवठ्याच्या काळ्या तारेतून एकदा रिगला जोडली गेली. माइकच्या तारेची जाळीही आपण पेटीच्या जमिनीला जोडली, तर तीच जमीन दुसऱ्या वाटेनेही रिगला मिळते. दोन वाटा मिळून वेढा तयार होतो. रिग बोलताना पुरवठ्याच्या तारेतून वीस अँपिअरपर्यंत प्रवाह जातो, त्यामुळे तारेच्या दोन टोकांमध्ये थोडा व्होल्टेज पडतो. तोही मिलिव्होल्टांत असतो, आणि माइकचा आवाजही मिलिव्होल्टांतच! वेढ्यातून तो सरळ आवाजात मिसळतो. घूं असा हम किंवा स्वतःच्याच बोलण्याची विकृत छाया ऐकू येते ती यामुळे.

यावर इलाज म्हणजे मध्ये एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर बसवणं. ६०० ओहमला ६०० ओहम, एकास एक. आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, पण तारेने तार जोडलेली राहत नाही. नवा घ्यायची गरज नाही. जुन्या डायल-अप मोडेमच्या कार्डावर नेमका हाच असतो आणि भंगारवाल्याकडे अशी कार्डं अजून सापडतात. चिपच्या स्पीकरच्या दोन्ही पायांमध्ये एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि एक किलोओहमचा रेझिस्टर घालून ट्रान्सफॉर्मरची एक बाजू लावायची. या दोन पायांपैकी एकही जमिनीला टेकवायचा नाही, दोन्ही पाय चालते असतात. दुसऱ्या बाजूला प्रीसेट, मग ती दोन रेझिस्टरांची जोडी, आणि शेवटी १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, धन टोक रिगकडे. हा शेवटचा कंडेन्सर विसरू नका. काही रिगांत, उदाहरणार्थ आयकॉममध्ये, माइकच्या आतल्या इलेक्ट्रेटला चालवण्यासाठी त्याच पायावर थोडा डीसी व्होल्टेज असतो. आपला १०० ओहमचा रेझिस्टर थेट लावला तर तो व्होल्टेज जमिनीत जातो.

तिसरी अडचण पीटीटीची, आणि खरी गंमत इथे आहे. सगळ्यात सोपी रीत म्हणजे दोन संपर्कांचं बटण घेणं. एक संपर्क चिपच्या ‘दाबून धरलं तोवर वाजव’ या पायाला, दुसरा पीटीटीला. बटण धरलं की रेडिओ प्रक्षेपणात जातो आणि चिप बोलते, सोडलं की दोन्ही थांबतं. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी, आणि काहींनी इथेच थांबायलाही हरकत नाही. पण सहा सेकंद बटणावर बोट ठेवून बसायचं तर दुसऱ्या हाताने नोंदी लिहिणं अवघड जातं.

एकदा टिचकी मारली की पेटीने सगळं स्वतः करावं, असं हवं असेल तर चिप कधी संपली हे सर्किटला कळलं पाहिजे. आयएसडी १८२० ला ‘मी आत्ता वाजते आहे’ असं सांगणारा पाय नाही. तिच्याकडे ध्वनिमुद्रणाचा दिवा लावणारा एक पाय आहे. तो ध्वनिमुद्रणभर शून्यावर असतो. आणि वाजवताना ‘संदेश संपला’ ही खूण लागली की तोच पाय क्षणभर शून्यावर जाऊन परत येतो. हा क्षणभराचा झटका आपल्याला पुरतो. चार नँड गेटची सीडी ४०११ आयसी घ्यायची. तिचे दोन गेट एकमेकांना आडवे जोडले की त्यांना स्मरण येतं. एका टोकाला झटका मिळाला की ‘चालू’ होऊन तसेच राहतात, दुसऱ्या टोकाला मिळाला की ‘बंद’ होतात. वाजवण्याच्या बटणाने चालू करायचं, दिव्याच्या पायाने बंद करायचं. त्या पायाला १० किलोओहमने पाच व्होल्टवर ओढून धरायचं, नाहीतर मॉड्यूलवरच्या दिव्यामुळे तिथे पूर्ण व्होल्टेज येत नाही.

बटणाकडून येणारा झटका उलटा करायला तिसरा गेट वापरायचा. त्या गेटच्या तोंडाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि तिथून जमिनीकडे १०० किलोओहम लावा. त्यामुळे बोट कितीही वेळ दाबून ठेवलं तरी गेटला एकच छोटा झटका मिळतो. हे दोन भाग टाळले आणि संदेश संपेपर्यंत बोट तिथेच राहिलं, तर शेवटचा झटका वाया जातो आणि रिग प्रक्षेपणातच अडकून बसतो. चौथा गेट उरतो. त्याची दोन्ही तोंडं जमिनीला बांधून टाका. सीमॉस गेटची तोंडं मोकळी सोडली की ती वाटेल तशी भरकटतात.

स्मरणाच्या गेटच्या मागे २एन७००० हा मॉस्फेट आणि त्यामागे दोन खांबांचा, पाच व्होल्टचा छोटा रिले. रिलेच्या कॉइलला उलटा डायोड हवाच. ऑप्टोकप्लरनेही पीटीटी ओढता येतं, पण मी रिलेच्या बाजूने आहे. रिलेचा एक खांब पीटीटी जमिनीला टेकवतो. दुसरा खांब रिगच्या माइकची तार बदलतो: स्वस्थ असताना तुमचा हातातला माइक, ओढला गेल्यावर चिप. त्यामुळे चिप बोलत असताना घरातल्यांचं बोलणं किंवा कुकरची शिट्टी हवेत जात नाही. आणि पेटीची वीज गेली, फ्यूज उडाला, काहीही झालं तरी रिले मूळ जागी येतो आणि माइक रिगला सरळ जोडलेला राहतो. पेटी बिघडली म्हणून रिग बंद पडणार नाही, हे माझ्या दृष्टीने रिलेचं सगळ्यात मोठं समर्थन.

आता त्या अर्ध्या सेकंदाचा खुलासा. रिले ओढला जायला काही मिलिसेकंद लागतात, रिगला ऐकण्यातून प्रक्षेपणात जायला आणखी काही. चिप मात्र टिचकीसरशी बोलू लागते. सुरुवातीला शांतता नसेल तर ‘सीक्यू’मधला ‘सी’ गिळला जातो. माइकची तार बदलताना होणारा बारीक ‘टक’ही त्या शांततेत जिरतो.

वीज सुरू करताना ते स्मरणाचे गेट कोणत्या बाजूला पडतील याचा नेम नसतो. म्हणून रिलेशेजारी त्याच्याबरोबर लागणारा एक लाल दिवा ठेवा. आधी पेटी चालू करायची, तो दिवा विझलेला आहे ना ते बघायचं आणि मग रिग. शिवाय ‘बंद’च्या टोकाला जमिनीशी जोडणारं एक बटण ठेवा. हाक मध्येच तोडायची झाली तर त्याने रिग लगेच ऐकू लागतो. चिप मागे बोलत राहते, पण ते कुणाला ऐकू जात नाही.

इथवर टेबलावर सगळं नीट चालतं. मग शंभर वॅटचा रिग जोडला जातो आणि पेटी वेड्यासारखी वागू लागते. आवाज गुरगुरतो, रिले आपोआप खडखडतो, संदेश मध्येच तुटतो. ४० मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झवर, तुमच्या पेटीची प्रत्येक तार अँटेना झालेली असते. रेडिओ लहरी चिपच्या माइकच्या पायावर आणि गेटच्या तोंडावर येऊन बसतात. प्लॅस्टिकचा डबा इथे चालत नाही. पत्र्याचा किंवा ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा डबा घ्या, बाहेर जाणारी प्रत्येक तार जाळीची ठेवा आणि डब्यात शिरते तिथेच तिला ०.००१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर लावून डब्याला टेकवा. माइक सॉकेटाकडे जाणाऱ्या केबलला फेराइटच्या कड्यातून पाच-सहा वेढे द्या. डब्याला पेटीची जमीन एकाच ठिकाणी जोडा. माइकच्या जमिनीची तार डब्याला टेकू देऊ नका, नाहीतर ट्रान्सफॉर्मर लावून तोडलेला वेढा पुन्हा जुळेल.

जुळवणी करताना अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड लावायचा. रिगचा स्पीच प्रोसेसर बंद ठेवायचा. आधी नेहमीच्या माइकवर स्वतः बोलून एएलसीचा, म्हणजे पातळी आपोआप आवरणाऱ्या सोयीचा, काटा कुठवर जातो ते बघायचं. मग पेटीची हाक सोडून प्रीसेट फिरवत काटा तेवढ्याच जागी आणायचा. रिगवरची माइक गेनची खुंटी मुळीच हलवायची नाही, कारण माइक आणि पेटी दोघांनाही तीच लागू आहे.

उलट दिशेचं काम, म्हणजे समोरून आलेलं बोलणं साठवून पुन्हा ऐकणं, या चिपवर नाखुशीनेच होतं. हेडफोनच्या सॉकेटातला आवाज शंभरावा भाग करून चिपच्या माइकच्या पायाला देता येतो. पण बटण दाबायचं सुचेपर्यंत कॉलसाइन निघून गेलेला असतो. आणि नवं साठवताना आपली हाक पुसली जाते, म्हणून दुसरी चिप लागते. खरं तर इथे मागचे तीस सेकंद कायम हाताशी असणारी मेमरी हवी. आठ बिटांचे ८००० नमुने धरले तर तीस सेकंदांना २ लाख ४० हजार बाइट लागतात. आर्डुइनो उनोच्या २ किलोबाइट मेमरीत पाव सेकंदच मावतो. रास्पबेरी पाय पिकोत २६४ किलोबाइट आहेत, तिथे हे जेमतेम बसतं. जुना नमुना पुसून त्या जागी नवा लिहीत गोल फिरत राहायचं आणि बटण दाबलं की फिरणं थांबवून मागून वाचायचं. प्रोग्रॅम लिहायची हौस असेल त्याने हा पुढचा प्रकल्प म्हणून घ्यावा.

हे सगळं परवाना असलेल्या हॅमसाठी आहे. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा देऊन कॉलसाइन मिळवल्याशिवाय हौशी पट्ट्यांवर बोलता येत नाही. पोलीस, टॅक्सी किंवा सोसायटीच्या वॉचमनचे सेट उघडून त्यांत असलं काही बसवू नये. हौशी पट्ट्यांवर संगीत सोडायला मनाई आहे, तेव्हा हाकेच्या आधी सनईचे दोन सूर टाकायची कल्पना कितीही गोड वाटली तरी ती घरापुरतीच ठेवा.

पेटीला बोलता येतं, ऐकता येत नाही. कंपनसंख्या मोकळी आहे का हे आधी कान देऊन बघा, ‘ही जागा वापरात आहे का’ असं स्वतःच्या तोंडाने विचारा आणि मगच बटणाला हात लावा. दोन हाकांच्या मध्ये निदान तीन सेकंद थांबा. मंद सिग्नलवाल्या नवख्याला उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतो.